मांजर देव होतं तर त्याची मान कोणी मुरगळली? (इजिप्त, ममी वगैरे)

उंटावरचा_शहाणा

मंडळी, एक प्रश्न दोन दिवस डोक्यात भुणभुणतोय. परवा रात्री झोप येईना म्हणून ममींच्या स्कॅनिंगवरचा एक व्हिडिओ लावला. त्यात एक मांजराची ममी दाखवली, बाहेरून इतकी देखणी की विचारू नका, दोन रंगांच्या पट्ट्यांची चटईसारखी वीण, वर रंगवलेलं तोंड, कान उभे. आणि मग तिचा एक्सरे. आत एवढंसं पिल्लू, मानेचा मणका सरकलेला. म्हणजे चक्क मान पिरगाळून मारलेलं.

आता आपण लहानपणापासून काय ऐकत आलोय, तर इजिप्तचे लोक मांजराला देव मानायचे, मांजर मेलं की घरातले सगळे भुवया भादरायचे, मांजर मारणाऱ्याला थेट देहदंड. मग या पिल्लाला मारलं कोणी? बरं एखाद दुसरं नाही, असली लाखांनी निघालीत म्हणे. वर त्याच व्हिडिओत सांगितलं की कित्येक ममींच्या आत प्राणीच नाही, नुसता चिखल आणि बोरूच्या काड्या. म्हणजे देवाच्या दारात पण चारशेवीस?

आणि बैलाचं पण तेच. आपिस बैल देव, ठीक, मग हे लोक बीफ खायचे का नाही? आणि तो पर्शियन राजा ढालींवर मांजरं रंगवून लढाई जिंकला, हे खरंय का कोणीतरी सोडून दिलेली पुडी? विकी वाचून डोकं अजूनच गरगरलं, जरा इस्कटून सांगा कोणीतरी.

घुबड_जागंय

शहाण्या, सगळी गोम "मांजराला देव मानायचे" या तीन शब्दांत आहे. आधी बैलाचं घेऊ, तो सोपा आहे, तो कळला की मांजर आपोआप सुटेल.

सरसकट बैल ही जात देव नव्हतीच मुळी. त्यांचा हिशोब असा की देवाचा "बा" असतो, म्हणजे त्याची प्रकट होणारी, वावरणारी शक्ती समज, आणि ती एखाद्या ठरावीक जनावरात येऊन राहू शकते. देवळातल्या मूर्तीत उतरते तशीच, फक्त ही मूर्ती चारा खाते आणि शेण टाकते. मेम्फिस शहरात प्ताह देवाचं मोठं देऊळ होतं, तिथला आपिस बैल हा असा प्ताहचा बा. एका वेळी एकच आपिस. तो मेला की पुजारी देशभर नवा शोधायला बाहेर पडायचे, आणि शोधायचा म्हणजे खुणा बघून. हेरोडोटस या जुन्या ग्रीक इतिहासकाराने यादीच दिलीय, अंग काळं, कपाळावर पांढरा त्रिकोण, पाठीवर गरुडासारखी आकृती, शेपटीचे केस दुहेरी आणि जिभेखाली भुंग्यासारखी खूण. आकाशातून वीज उतरली आणि गाय गाभण राहिली त्यातून हा जन्मतो असं मानत, म्हणून त्याच्या आईचा पण थाट वेगळा, त्या गाईंची पण मेम्फिसजवळच्या सक्काराला स्वतंत्र दफनाची जागा आहे.

एकदा सापडला की मग राजेशाही. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार इ.स.पू. पहिल्या शतकात इजिप्त फिरून आला, तो लिहितो की ठरलेल्या वेळी आपिसला अंगणात मोकळं सोडायचे, खास करून परदेशी पाहुण्यांना बघता यावं म्हणून, एरवी खिडकीतून दर्शन. बैल थोडा वेळ हुंदडायचा आणि परत आत. आणि कौल पण द्यायचा. तू खायला पुढे केलंस आणि त्याने खाल्लं तर शुभ, तोंड फिरवलं तर संपलं. रोमन सेनापती जर्मेनिकस इ.स. १९ मध्ये इजिप्तला आला होता, त्याच्या हातचं आपिसने खाल्लं नाही आणि गडी त्याच वर्षी मेला, तेव्हापासून ही गोष्ट लोकांनी मिटक्या मारत सांगितली.

आता बीफ. खायचे की! बैलाचा बळी तर रोजचाच, देवळात नैवेद्य आणि मग वाटप. फक्त कापण्याआधी एक पुजारी येऊन बैल तपासायचा, उभा करून, आडवा करून, जीभ बाहेर काढून, शेपटीचे केस बघून. काय बघायचा? तर याच्यात आपिसची काही खूण तर नाही ना. हेरोडोटस म्हणतो की अंगावर एक काळा केस सापडला तरी बैल बाद. पास झाला तर शिंगाला पपायरस गुंडाळून वर ओल्या मातीवर शिक्का मारायचा. बिनशिक्क्याचा बैल बळी दिलात तर तुमचीच मान जायची. म्हणजे बघ, एकाच गोठ्यातले दोन बैल, एकाच्या अंगावर एक केस काळा म्हणून तो वाचला आणि दुसरा शिक्का लागून ताटात गेला. गाय मात्र कापत नसत, ती इसिस देवीची, असं तोच सांगतो.

असे इतर पण होते, हेलिओपोलिसला म्नेविस बैल, आरमांतला बुखिस, मेंडेसचा मेंढा. प्रत्येक गावाचा आपला आपला.

मातीचेपाय

घुबडराव मस्त लिहिलंय. मी सक्काराला जाऊन आलेय म्हणून थोडी भर घालते.

या आपिस बैलांना पुरायचे ते सेरापियम. वर नुसती वाळू, ऊन असं की डोळे उघडवत नाहीत, मग उतारावरून खाली जायचं आणि एकदम अंधारा लांबच लांब बोगदा. दोन्ही बाजूला खोल्या कोरलेल्या, त्यांची जमीन बोगद्यापेक्षा खाली, म्हणजे तुम्ही वरून वाकून बघता आणि खाली काळ्या ग्रॅनाइटची पेटी, पेटी कसली खोलीच ती. एकेक ६०-७० टनांच्या घरात, अशा २४ आहेत. एका ठिकाणी एक झाकण वाटेतच पडलंय, तिथवर आणलं आणि सोडून दिलं. मी त्याच्यावर हात ठेवून बघितला, इतकं गुळगुळीत आणि गार की बाहेरचं ऊन विसरायला झालं. गाईड घाई करत होता पण माझा पाय निघेना, डोक्यात एकच, एका बैलासाठी?

हे सगळं ऑग्यूस्त मारिएत नावाच्या फ्रेंच माणसाने शोधलं. तो बिचारा १८५० मध्ये लूव्र म्युझियमसाठी कॉप्टिक हस्तलिखितं विकत घ्यायला आलेला, ती काही मिळेनात, मग सक्काराच्या वाळूत त्याला स्फिंक्सचं एक डोकं वर आलेलं दिसलं. त्याला आठवलं की स्ट्रॅबोने लिहून ठेवलंय, सेरापियमकडे जाताना वाळूत अर्धे गाडले गेलेले स्फिंक्स दिसतात म्हणून. झालं, हस्तलिखितं राहिली बाजूला आणि त्याच पैशात याने खोदायला सुरुवात केली. मोठ्या पेट्या चोरांनी आधीच धुऊन नेलेल्या होत्या, पण रामसेस दुसरा याच्या काळातली एक खोली मात्र न उघडलेली सापडली, आणि तिथे जमिनीवरच्या वाळूत शेवटच्या माणसांच्या पायाचे ठसे जसेच्या तसे होते. तीन हजारहून जास्त वर्षं. सोनं वगैरे ठीक आहे हो, पण मला तो ठसेवाला भाग वाचला की अजून काटा येतो.

आणि एक गंमत जी लोकांना माहीत नसते. प्रत्येक आपिस मेला की त्याचा शिलालेख लावायचे, कोणत्या राजाच्या कितव्या वर्षी जन्मला, कधी गादीवर बसला, कधी गेला. एक आपिस तहार्का राजाच्या २६ व्या वर्षी जन्मला आणि साम्तिक पहिला याच्या २० व्या वर्षी मेला, वय २१. आता एवढ्या एका ओळीवरून दोन राजांमधलं अंतर पक्कं काढता येतं! त्या काळातल्या राजांची सनावळी बऱ्यापैकी या बैलांच्या वयावर उभी आहे. राजे खोटं बोलतील, बैलाला काय पडलीय.

उंटावरचा_शहाणा

वा! बैल कळला. पण माझं पिल्लू तिथंच आहे अजून. एक मांजर देव आणि बाकीची साधी, मान्य, पण साध्या मांजराला मारून मग त्याला एवढं सजवून पुरायचं कशाला?

घुबड_जागंय

नवस, रे. एका शब्दात उत्तर ते आहे.

बघ, आपिससारखं जनावर म्हणजे राहता देव. तुझं पिल्लू हे देव नाही, ते देवाला वाहिलेली वस्तू आहे. लोक बुबास्टिस शहरात बास्टेट या मांजररूपी देवीच्या उत्सवाला जायचे. नाईलवरून नावा भरभरून, बाया चिपळ्या वाजवतायत, वाटेतल्या गावातल्या बायांना किनाऱ्याशी नाव लावून शिव्या देतायत, हेरोडोटस म्हणतो सात लाख लोक यायचे (त्याचा आकडा आहे, मीठ लावून घे) आणि वर्षभरात पिऊन होत नाही एवढी वाईन त्या एका उत्सवात. अशा ठिकाणी ज्याला परवडेल तो ब्राँझची छोटी मांजर वाहायचा आणि बाकीचे ममी. ती ममी म्हणजे देवीकडे पाठवलेला निरोप्या. तिच्या जातीचाच, म्हणजे तिच्या कानाला लागेल असा.

आता नवस करणारे लाखो, आणि मेलेली मांजरं त्या हिशोबात आपण होऊन कशी मिळणार? मग देवळाच्या आसपास पाळायची, पिल्लं वाढली की मारायची. ब्रिटिश म्युझियममधल्या मांजरांचे एक्सरे काढले तेव्हा म्हातारी मांजरं जवळजवळ नाहीतच, बहुतेक एकतर काही महिन्यांची पिल्लं किंवा वर्षाच्या आसपासची. घरातली लाडकी मांजरं वयाने मेली असती तर असं दिसलं नसतं.

सक्कारालाच अनुबिस या कोल्हाच्या तोंडाच्या देवाची कुत्र्यांची भुयारं आहेत, तिथे अंदाज ८० लाख जनावरांचा निघाला आणि त्यात कित्येक पिल्लं जन्मून काही तासांची किंवा दिवसांची. तिथे तर मान मुरगळायची पण गरज पडली नसेल, आईपासून उचललं की झालं. हे वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो, खरं सांगतो.

पण याचा अर्थ लोक निर्दयी होते आणि मांजरावरचं प्रेम खोटं, असं नाही हां. अमेनहोतेप तिसरा याचा थोरला मुलगा थुतमोस, त्याने आपल्या मांजरीसाठी चुनखडीची छोटीशी दगडी शवपेटी बनवून घेतली, तिच्यावर कोरलंय की मांजर टेबलापुढे बसलीय, गळ्यात पट्टा, समोर भाजलेलं बदक वगैरे. नाव "ता-मिऊ". मिऊ म्हणजेच मांजर त्यांच्या भाषेत, म्हणजे नाव काय तर "मांजरी". राजपुत्राला पण सुचलं नाही दुसरं. ते इ.स.पू. चौदाव्या शतकातलं, आणि हा लाखोंचा नवसाचा प्रकार त्यानंतर खूप पुढचा, इ.स.पू. सातव्या शतकापासून वाढत वाढत ग्रीक टॉलेमी राजांच्या आणि रोमन काळापर्यंत. लोक तीन हजार वर्षांचा इजिप्त एका पातेल्यात घालून ढवळतात तिथे गोंधळ होतो.

देहदंडाचं पण तसंच. देवीच्या जनावराला भलत्याने हात लावला तर गुन्हा. पुजाऱ्याने विधी म्हणून केलं तर ते मारणं नव्हेच, ते त्याला ओसायरिस (मृतांचा देव) करून पाठवणं. कागदावर त्यांच्या दृष्टीने यात विसंगती नव्हती. आपल्याला दिसते.

तिरकस_तीर

एवढं गोड करून कशाला सांगताय, धंदा होता धंदा. पुजारी मांजर पाळणार, पुजारीच मारणार, पुजारीच गुंडाळणार आणि भक्ताला विकणार, आणि आत काय आहे ते उघडून बघायचं नाही कारण देवाचं आहे! याच्यापेक्षा भारी बिझनेस मॉडेल आजपर्यंत निघालेलं नाही. मँचेस्टर विद्यापीठवाल्यांनी ८०० च्या वर ममी स्कॅन केल्या, साधारण एक तृतीयांश आतून बिनजनावराच्या. तीनात एक! आणि यावर पण अभ्यासक म्हणतात की नाही नाही, तिथली माती, काडी, पीस पण पवित्रच की. व्वा.

मातीचेपाय

तीरभाऊ धंदा होताच, पण "फसवलं" एवढ्यावर ते संपत नाही. त्या काळात पण हीच तक्रार झाली होती आणि ती करणारा मंदिरातलाच माणूस होता, हे तुम्हाला आवडेल बघा.

सेबेन्निटोसचा होर म्हणून एक जण, इ.स.पू. दुसऱ्या शतकात सक्काराला थोथ देवाच्या आयबिस पक्ष्यांच्या सेवेत होता. खापरांवर लिहायचा, कच्चे खर्डे, तीच खापरं सापडली. त्याला स्वप्नं पडायची आणि तो ती लिहून वरच्या लोकांना कळवायचा, असला माणूस. तो लिहितो की ६०,००० आयबिसांना दाणापाणी करायचं असतं, आणि लोक त्यात गडबड करतात, पक्ष्यांच्या नावाचं धान्य पक्ष्यांपर्यंत पोचत नाही. मग चौकशी, आणि नियम ठरला, "एका मडक्यात एक देव". म्हणजे ज्या अर्थी असा नियम करावा लागला त्या अर्थी त्याआधी काय चालत होतं ते कळलंच. मडकी पण सापडलीत ना, लाखो, भुयारात छतापर्यंत एकावर एक रचलेली, बाटल्या रचाव्या तशी.

त्यामुळे मला वाटतं अर्धं तुमचं बरोबर. पण रिकामी ममी पण तितक्याच निगुतीने गुंडाळलेली असते, कधीकधी भरलेलीपेक्षा जास्त. नुसतं टोपी घालायची असती तर एवढे कष्ट कोण घेईल?

तिरकस_तीर

टोपी घालायची असते तेव्हाच पॅकिंग चांगलं करतात ताई 😄 पण होरला माझा दंडवत. ऑडिटर हा प्राणी पण पवित्र यादीत घ्यायला हवा होता.

घुबड_जागंय

आयबिसवरून एक पुरवणी. मी पण समजत होतो की मांजरांसारखे हे पण पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात वाढवले असतील. २०१९ मध्ये ममींमधला डीएनए काढून बघितला तर त्यांच्यात जंगली पक्ष्यांइतकीच विविधता निघाली, म्हणजे मुख्यतः रानातून धरून आणलेले, फार तर थोडे दिवस दाणे टाकून ठेवलेले. आणि आज इजिप्तमध्ये हा पक्षी नाहीच, एकोणिसाव्या शतकातच दिसेनासा झाला. चित्रात, लिपीत, मडक्यात सगळीकडे आहे, फक्त नदीकाठी नाही.

कासवगती

अरे मगरींचं कोणीच बोललं नाही?! मी उशिरा आलो (नावाला जागतो) पण हे सांगितल्याशिवाय धागा पुढे जाऊ देणार नाही.

फायूम भागात सोबेक हा मगरीचा देव, आणि त्याची जिवंत मगर एका तळ्यात ठेवलेली. वर उल्लेख आलाय त्या स्ट्रॅबोला त्याच्या यजमानाने ती दाखवायला नेलं, जाताना जेवणातूनच थोडी पोळीसारखी खापरी, भाजलेलं मटण आणि मध घातलेल्या वाईनचा छोटा जग बरोबर घेतला. मगर काठावर पसरलेली. पुजारी गेले, दोघांनी जबडा धरून उघडला, एकाने खापरी आत, मग मटण, मग वरून वाईन ओतली. मगर उठली, धपकन पाण्यात, पोहत पलीकडच्या काठावर जाऊन पडली सुटका झाली म्हणून. तेवढ्यात दुसरा पाहुणा आला नैवेद्य घेऊन. पुजारी काय करतील? तळ्याला वळसा घालून पळत पलीकडे गेले, परत धरली, परत जबडा उघडला, परत तेच. मला त्या मगरीची फार दया येते राव, देवपण म्हणजे दिवसभर कोणीतरी तुमचं तोंड उघडून वाईन ओतणार.

आणि हे व्हीआयपी पाहुण्यांसाठी सरकारी पातळीवर व्हायचं. इ.स.पू. ११२ मधलं एक पत्र आहे, लुसियस मेमियस नावाचा रोमन सिनेटर फायूम बघायला येतोय, त्याची राहायची सोय करा, उतरायच्या जागा नीट करा, आणि मगरींना टाकायचा खाऊ तयार ठेवा! आज मंत्री येणार म्हटल्यावर जे परिपत्रक निघेल तसंच, शब्दाचा फरक नाही.

पण खरी मजा पुढे आहे. हे पत्र सापडलं कुठे? तेबतुनिस गावाजवळ १९००च्या सुरुवातीला इंग्रज लोक पपायरस शोधायला खणत होते आणि माणसांच्या थडग्यांऐवजी नुसत्या मगरींच्या ममी निघत होत्या, एक, दोन, दहा, रांगाच. वैतागून एका मजुराने एक मगर फोडली, आणि आतून कागद बाहेर. तिथले लोक मगरी गुंडाळायला आणि आत भरायला सरकारी कचेरीतली रद्दी वापरायचे. जवळच्या केर्केओसिरिस गावच्या मेंखेस नावाच्या कारकुनाचं अख्खं दप्तर, जमिनीची मोजणी, पिकांच्या नोंदी, भांडणाचे अर्ज, सगळं मगरींनी सांभाळून ठेवलं दोन हजार वर्षं. आणि मगरींना खाऊ तयार ठेवा हे पत्र पण त्याच मगरींच्या ममींमधून आलेल्या रद्दीत. दप्तराची इतकी चांगली निगा माणसांनी कधी राखली नसती.

आणि हीच मगर दक्षिणेला एलिफंटाइनला खायचे, हेरोडोटसनेच लिहिलंय. थीब्जकडे कानात डूल, पुढच्या पायात तोडे, आणि नदीने थोडं वर गेलं की कालवण. ऑक्सिरिंकस गावाचं तर कळस आहे, त्यांच्याकडे लांब नाकाचा एक मासा पवित्र, शेजारच्या किनोपोलिसवाल्यांनी तो खाल्ला, मग यांनी सूड म्हणून त्यांची पवित्र कुत्री धरून खाल्ली, आणि दोन गावांत अशी जुंपली की रोमनांना मध्ये पडून दोघांना बडवावं लागलं. ग्रीक लेखक प्लूटार्कने लिहिलंय. "इजिप्तमध्ये अमुक प्राणी पवित्र" असं वाक्य कोणी लिहिलं की मी पहिलं विचारतो, कोणत्या गावात?

पाटी_पेन्सिल

शहाणेभाऊंचा ढालीवाला प्रश्न सगळे विसरले. ती लढाई पेलुसियमची, इ.स.पू. ५२५, पर्शियाचा कॅम्बिसेस. ही गोष्ट सांगणारा पॉलिएनस नावाचा लेखक लढाईनंतर सहाशेहून जास्त वर्षांनी लिहितोय, आणि त्याच्यात पण सैन्यापुढे कुत्री, मांजरं, मेंढ्या, आयबिस आणून उभे केले म्हणून इजिप्शियनांनी मारा थांबवला एवढंच आहे. ढालींवर रंगवलेली मांजरं ही त्यानंतरची फोडणी. हेरोडोटस लढाईनंतर साधारण ७५ वर्षांतच त्या मैदानावर जाऊन आलेला, तिथे पडलेल्या कवट्यांमध्ये पर्शियन कोणत्या, इजिप्शियन कोणत्या, कोणाच्या कडक आणि कोणाच्या ठिसूळ यावर पानभर लिहितो पण मांजराचा म पण काढत नाही. असली मसालेदार गोष्ट त्याच्या कानावर आली असती आणि त्याने सोडली असती? त्याने? शक्यच नाही.

त्याच कॅम्बिसेसने आपिसला मांडीत खंजीर खुपसून मारलं अशी पण गोष्ट आहे, ती मात्र हेरोडोटसचीच. पण सेरापियममध्ये इ.स.पू. ५२४ चा आपिसच्या दफनाचा शिलालेख मिळाला, सगळं रीतसर, मानाने, आणि दगडी पेटीवर कॅम्बिसेसचंच नाव. कॅम्बिसेसने देवळांचं उत्पन्न कापलं होतं हे मात्र नक्की, एका जुन्या इजिप्शियन दस्तावर त्याची नोंद आहे. पुजाऱ्यांच्या पोटावर पाय आला की बदनामी कशी होते ते इथे बघा. उलट अलेक्झांडर इ.स.पू. ३३२ ला आला तो शहाणा, मेम्फिसला गेला आणि आपिसला मुकाट्याने पूजा चढवली. त्याच्यामागून आलेल्या टॉलेमी पहिल्याने तर आपिसच्या दफनाला ५० टॅलेंट (तेव्हाचं एक मोठं वजन) चांदी उसनी दिली. रोझेटा शिळेवर पण टॉलेमी पाचवा याने आपिस आणि म्नेविसला काय काय दिलं हे कौतुकाने कोरलंय, लोक त्या दगडाला फक्त लिपीची किल्ली म्हणून ओळखतात. रोमच्या ऑक्टेव्हियनने (पुढचा बादशहा ऑगस्टस) मात्र आपिसला भेटायला साफ नकार दिला, म्हणाला मला देवांची पूजा करायची सवय आहे, गुरांची नाही.

आणि मांजर मारलं म्हणून माणूस मारला हे खरंच झालंय. ग्रीक इतिहासकार डायोडोरस इ.स.पू. ६० च्या सुमारास तिथे होता. एका रोमन माणसाकडून चुकून मांजर मेलं, जमाव घरावर चालून गेला, राजाने अधिकारी पाठवून हातापाया पडून बघितलं कारण रोमची भीती, तरी सोडला नाही. डायोडोरस म्हणतो हे मी ऐकलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

उंटावरचा_शहाणा

बाप रे. धागा काढला तेव्हा वाटलं होतं दोन ओळीत उत्तर येईल. सगळ्यांना धन्यवाद, घुबडला जास्त. पिल्लाबद्दल वाईट वाटायचं ते वाटतंच, पण आता निदान राग कोणावर धरायचा ते कळलं. की नाही कळलं माहीत नाही.

एक शेवटचं, या लाखो मांजरांचं पुढे झालं काय? आणि हे सगळं थांबलं कधी?

मातीचेपाय

मांजरांचं ऐकू नका, पण विचारलंत म्हणून. बेनी हसनजवळ १८८८ मध्ये एका शेतकऱ्याला मांजरांच्या ममींचा प्रचंड साठा लागला. १८९० मध्ये त्यातल्या १९ टनांच्या आसपास बोटीने लिव्हरपूलला गेल्या, आणि तिथे लिलाव करून खत म्हणून विकल्या. दळून. शेतात. अंदाजे १,८०,००० मांजरं. लिलाव करणाऱ्याने हातोडा म्हणून मांजराचं डोकंच वापरलं असं सांगतात.

राग धरायला हा एक पत्ता घ्या.

घुबड_जागंय

थांबण्याचं सांगतो. हळूहळू आटत गेलं, रोमन काळात देवळांचा पैसा आटला आणि मग ख्रिस्ती धर्म आला. बैलांपुरतं बोलायचं तर आरमांतच्या बुखिसचा शेवटचा शिलालेख इ.स. ३४० चा आहे. तोपर्यंत रोमचे बादशहा ख्रिस्ती झाले होते, गादीवर कॉन्स्टँटियस. पण शिलालेखावर वर्ष घातलंय डायोक्लेशियनचं, म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीच्या जुन्या बादशहाचं, ५७ वं. तो मरून कितीतरी वर्षं झाली होती.

बैल त्यांनी तरीही रीतसर पुरला.